आठ मोजेपर्यंत

“आता अजिबात हलायचं नाही,” श्रीपाद म्हणाला. “मी आठ मोजेपर्यंत. हललं ते माझ्या काचेवर उमटत नाही.”

“ह्यो बघा, झालो दगडाचा मारुती!” अंबाजी मुकादम खुर्चीत ताठ बसला. पटका कोरा होता. मिशांना तेल लावून आला होता गडी.

खरं सांगायचं तर श्रीपादला मुकादम नकोच होता. त्याला हव्या होत्या मुकादमाच्या पाठीमागच्या दहा बाया, कुसगावच्या उतारावर रेल्वेसाठी खडी फोडणाऱ्या. तळेगावच्या मास्तरांचा हा मुलगा पुण्याला कॉलेजात शिकायचा आणि सुट्टी लागली की जुनापाना कॅमेरा खांद्यावर टाकून मावळ पालथा घालायचा. मास्तर म्हणायचे, देवळांचे काढ, लग्नाचे काढ, हे काय भलतंच वेड? याला मात्र राबणारी माणसं काढायची होती, जशी आहेत तशी. कॉलेजच्या प्रदर्शनात तीच लावायची होती. पण मुकादमानं अट घातली. आधी माझा फोटू. बाया मागं दिसल्या तर दिसू देत, काम थांबायचं नाही.

बसता बसता तो मागं वळून ओरडलाच, “नंदे, आणिक येकदा हात थांबलेला दिसला तर उद्यापासनं येऊ नगंस. सांगून ठिवतो!”

नंदाबाई बाळंत होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तिचं लेकरू जांभळीला बांधलेल्या झोळीत होतं. तिनं मान खाली घातली आणि हातोडा उचलला.

तेवढ्यात दरीतलं धुकं वर आलं. आधी जांभूळ गेली, मग झोळी, मग बाया अर्ध्यामुर्ध्या. श्रीपादला वाटलं, आपण उघड्या डोळ्यांनी स्वप्न बघतोय. हात पुसट येतील हे त्याला ठाऊक होतं, तोंडं तरी येतील असा त्याचा अंदाज होता. त्यानं भिंगावरचं झाकण काढलं. एक, दोन, तीन. धुक्यातून हातोड्यांचे ठोके येत होते, मघापेक्षा जलद. सात, आठ. झाकण लागलं.

घरी कोठीचं दार लावून, कंदिलाला लाल कागद गुंडाळून त्यानं काच धुतली आणि तिच्यावरून फोटो कागदावर उतरवला. पाण्याखाली पहिल्यांदा मुकादम वर आला, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. मागं नुसतं धुकं. बाया? एकही नाही. हात थांबलेच नव्हते, अंगंही डुलत होती, पिंजलेल्या कापसासारखे नऊ पांढुरके पट्टे तेवढे राहिले होते. श्रीपादनं कपाळाला हात लावला.

आणि मग मुकादमाच्या खांद्याशी एक चेहरा उमलला. नंदाबाई. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, हातोडा मांडीवर. केवढी शांत दिसत होती ती! असा फोटो त्याच्या हातून आजवर निघाला नव्हता. तो दिवसभर त्या कागदाकडं बघत राहिला. प्रदर्शनात हाच लावायचा, ठरलं.

पुढच्या रविवारी तो धावतच उतारावर गेला. मुकादम लोणावळ्याला स्टेशनात गेला होता. बायांमधली सगळ्यात म्हातारी बयाबाई. तिनं लुगड्याला हात पुसले, कागद घेतला आणि हसता हसता चटकन पदराआड धरला.

“दादा, ह्यो अंबाजीला दावलाय?”

“नाही अजून. का हो, मावशी?”

“आमी समद्या धुकं झालो. मंग ही येकलीच कशी आली?”

“ती हलली नाही म्हणून,” श्रीपाद म्हणाला.

“व्हय. थांबली व्हती. त्याची पाठ आमच्याकडं, आन् तुमी त्याला हलू दीना. म्या म्हनलं, पोरी, आठ मोजूस्तवर टेक जरा. तिचा ठोका कमी पडला तर त्याला कळंल, म्हनून आमी नऊजणींनी धाजणींचा आवाज काढला.” तिनं कागद परत दिला. “ह्यो त्यानं बगितला तर पोरीची भाकर गेली, दादा.”

नंदाबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती खडी फोडत होती.

पुण्यातले फोटोवाले गिऱ्हाईक गोरं दिसावं म्हणून काचेवर शिसपेन्सिल फिरवतात; पेन्सिल लागली तेवढी जागा कागदावर पांढरी उमटते. श्रीपादला त्याचा भारी तिटकारा. फोटोत खोटं घालणाऱ्याचे हात कलम करावेत, असं तो मित्रांना सांगायचा. त्या दुपारी त्यानं पेन्सिलीला बारीक टोक काढलं आणि काच खिडकीत धरली. चेहऱ्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून हातोड्यापासून सुरुवात केली. मग हात, मग खांदा. डोळ्यांपाशी आला तेव्हा त्याला रडू फुटलं. मिटलेल्या पापण्या तशाच शांतपणे धुक्यात गेल्या.

नवा कागद मुकादमानं दोन्ही हातांनी धरला. “वा रं पठ्ठे! मिशी बगा, मिशी!” मग त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. “पन बाया कुटं हायती? येक बी दिसंना.”

मागं एक ठोका चुकला.

“दिसतील कशा?” श्रीपाद म्हणाला. “दहाच्या दहा जणी काम करत होत्या.”