खिडकी पुसायचं फडकं

प्रयोगशाळेत शिरताच संशोधिका टेबलाकडे धावली. पतंगाच्या डबीचं झाकण सरकलं होतं, आत नुसती माती. वितीने जमीन मोजल्यासारखी चालणारी, काटकीसारखी दिसणारी अळी तिने पानं भरवून वाढवली होती. मग चार महिने कोष मातीत पडून होता. परवा त्यातून मादी निघाली, या जातीतली असते तशी बिनपंखांची, अगदी कोळ्यासारखी. तीन वर्षांतली पहिलीच. नराशी जोडीही जमली, आता अंडी तेवढी हवी होती. आणि खिडक्या लख्ख पुसलेल्या. "मावशी," तिने सफाईवाल्या बाईंना विचारलं, "सकाळी एखादा कोळी झटकलात का?" "झटकणारच होते." मावशींनी खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे पसरलेल्या फडक्यावर मादी बसली होती, मागे हिरवट अंड्यांची रांग. संशोधिकेचा जीव भांड्यात पडला. "फडक्यावर चढून अंडीच घालायला लागली. उरलेल्या काचा मग माझ्या रुमालाने पुसल्या. बाळंतिणीला कुणी उठवतं का?"