ठकूबाईच्या गोळ्या

शत्रुघ्नाने टॉवेलची घडी उलगडली आणि आतून गोळ्यांची चंदेरी पाकिटं टपटप खाली पडली.

"वयनी, ह्यां काय?"

बादली उशाशी घेऊन सोफ्यावर पडलेली पद्मजा ताडकन उठून बसली. शत्रुघ्न तिच्या माहेरच्या गावचा, इथे कुवेतमध्ये अम्गऱ्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. आज संध्याकाळच्या विमानाने सुट्टीवर निघाला होता. जाताना हवल्लीला वहिनीकडे जेवायचं आणि ठकूमावशीचं, म्हणजे पद्मजाच्या आईचं, पार्सल न्यायचं, हे ठरलेलंच. पण दुसऱ्याचं पार्सल उघडून बघितल्याशिवाय तो बॅगेत घालत नसे. "कस्टमवालो इचारता तेवा उत्तर माका देवचा लागता," म्हणायचा.

"ताकदीच्या गोळ्या आहेत. आईसाठी," पद्मजा म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार घट्ट लावून आत झुबेदीचं, म्हणजे कुवेती पापलेटाचं, कालवण करणारा गुरुप्रसाद डाव हातात घेऊनच बाहेर आला. बायकोला हल्ली मासळीचा वास सोसत नव्हता, म्हणून ते दार. त्याने खाली वाकून पाकीट उचललं आणि त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

"ताकदीच्या? पद्मा, ह्या तुझ्या उलटीच्या गोळ्या!"

झालं, बिंग फुटलं. केमोनंतर उलट्या होऊ नयेत म्हणून इस्पितळातून मिळालेल्या गोळ्या बाईसाहेबांनी तोंडात घालायच्या सोडून टॉवेलात घातल्या होत्या. वर नवऱ्याला सांगायचं, लागूच पडत नाहीत हो! परवा काट्यावर उभी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. तेव्हापासून गुरुप्रसादच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

"आईला गाडी लागते," पद्मजाला रडू फुटलं. "कशेडी घाटात बिचारीची आतडी बाहेर येतात. मी बरी होऊन जाईन तेव्हा तिला मुंबईला विमानतळावर यायचंय. म्हटलं, कुवेतची गोळी आहे, सुखाने पोचेल. माझं काय, मी घरातल्या घरात ओकते!"

"शाबास! आणि गोळी देण्याआधी डॉक्टरांनी तुला काय विचारलं होतं? छातीच्या, म्हणजे हृदयाच्या, गोळ्या चालू आहेत का? त्यातल्या काहींबरोबर ही चालत नाही म्हणून. तुझी आई छातीच्या गोळ्या खाते की नाही?"

पद्मजाच्या अंगावर काटा आला. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या गावात कुवेतची गोळी म्हणजे देवाचा प्रसाद. ज्याच्या हातात पडेल त्याने कपाळाला लावून खावी.

"आणि समज, आली आई मुंबईला," गुरुप्रसादचा आवाज चिरकला. "विमानातून उतरणार कोण?"

आत कालवण रटरटत होतं. पद्मजाने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

ओल्या बोटांनी तिने पाकीट दाबलं आणि गोळीचा चुरा झाला. "मेली वाया गेली!" तेव्हा कुठे तिला इस्पितळातल्या रहिमा सिस्टरने दाखवलेलं आठवलं. हात कोरडे हवेत, दाबायचं नाही, मागचा कागद सोलायचा. जिभेवर ठेवली की आपोआप विरघळते. आणि उलटीची वाट बघत बसायचं नाही, ठरल्या वेळी घ्यायची. पद्मजाने हात खसखसून पुसले, कागद सोलला आणि नवी गोळी अलगद जिभेवर ठेवली.

"इतक्यो चुकल्यो, आता दोन घेवा एकदम," शत्रुघ्न कळवळून म्हणाला.

"अजिबात नाही. चुकलेल्या भरून काढायच्या नसतात."

हे ती स्वतःच म्हणाली आणि नवऱ्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास टाकला.

तासाभराने तिनेच फर्मान काढलं, "उघडा ते दार." कोकम-तिरफळाचा वास खोलीभर पसरला. दोघे पुरुष श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बघताय काय? ती बादली न्या आधी. जेवताना समोर शोभते का?"

ताटं वाढली. रीतीप्रमाणे झुबेदीचं डोकं पाहुण्याच्या ताटात पडलं. पद्मजाने एकदा आपल्या मऊ भाताकडे पाहिलं, एकदा त्या डोक्याकडे.

"शत्रुघ्ना, रागावू नको हां," असं म्हणत तिने ते सरळ आपल्या ताटात ओढलं. चोखून चोखून खाल्लं, मग वर भात मागितला. गुरुप्रसादचे डोळे वाहत होते आणि तो वाढत होता. बादली मोरीत कोरडीच राहिली.

जेवण झाल्यावर शत्रुघ्न पार्सल बांधू लागला. टॉवेल रिकामा बघून पद्मजाने फळांच्या टोपलीतलं एक पिवळंधमक लिंबू उचललं, त्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आईला म्हणावं, हे कुवेतचं औषध. घाट लागला की हुंगायचं आणि यायचं." हाताला अजून कालवणाचा वास होता, तो तिने मुद्दाम एकदा घेतला. "विमानातून मी उतरतेय."