दर अर्ध्या मिनिटाला

रविवारी सकाळी अभिजीत कॉम्प्युटरसमोर बसला तो लग्न ठरल्यासारखं तोंड घेऊन.

"अक्का, मिळालं. पूर्ण सॉफ्टवेअर, आणि फुकट."

"फुकट?" त्याची थोरली बहीण कृष्णाबाई म्हणाली. "बघ, वाजतं तरी का."

ऑफिस सुटलं की तीन आठवडे तो सायबर कॅफेत बसून कॉम्प्युटरला वाद्य बनवणारी सॉफ्टवेअर्स धुंडाळत होता. चांगल्यांच्या किमती त्याच्या पगाराला वाकुल्या दाखवायच्या. फुकटातलं एक डासासारखं गुणगुणायचं, दुसरं कुकरसारखं फुसफुसायचं. म्हणून आजवर एका महागड्या सॉफ्टवेअरच्या डेमोवर भागवलं होतं. त्यातली पेटी सुरेख वाजे. फक्त विकत घ्या म्हणून दर अर्ध्या मिनिटाला ती चार सेकंद गप्प व्हायची. तेवढा वेळ अभिजीतही कीबोर्डवरून हात उचलून बसायचा. अक्काने महिनाभर त्याच पेटीवर सराव केला होता. शनिवारी इथल्या मराठी समाजाच्या हॉलात तिला चार कडव्यांचं पद म्हणायचं होतं, आणि चारचौघांत आपली पेटी अशी अडखळणार याची त्याला मनातून लाज वाटत होती.

त्याने नवी पेटी धरली. अक्का गाऊ लागली. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात ओळीचं शेपूट तुटलं. तिसऱ्यात ओठ हलले, आवाज आला नाही. पेटी मात्र झोकात पुढे चालली होती. अक्का टेबलाला धरून खाली बसली.

"आज थांबला नाहीस कुठं?"

"आता थांबायची गरजच नाही, अक्का. त्यासाठीच तर हे शोधलं."

"मग मी श्वास कधी घेऊ?"

अभिजीतचे हात कीबोर्डवरच राहिले.

"महिनाभर तू हात उचलून बसायचास," ती धाप आवरत म्हणाली. "म्हटलं, पोरगा न बोलता माझा दम सांभाळतोय. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं, तेव्हा नाही का माझी खाट गपचूप खाली आणलीस? तसंच."

डेमोचं सांगायला त्याने तोंड उघडलं. "सरी," एवढाच कानडी होकार बाहेर पडला. मग म्हणाला, "स्वल्प पाणी पी. मग पेटीशिवाय म्हण. दम लागेल तिथं थांब."

ती गाऊ लागली. तो मनगटावरचं घड्याळ बघत कागदावर आकडे लिहीत गेला. पहिल्या कडव्यात ती अठ्ठावीस सेकंदांनी थांबली. दुसऱ्यात एकवीस. तिसऱ्यात पंधरा. शेवटच्यात अकरा, आणि मग बराच वेळ नुसता रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज.

अभिजीतने आकडे पुन्हा वरून खाली वाचले.

"अक्का, मी तर अर्ध्या मिनिटाने थांबायचो. मग तोवर दम कसा पुरायचा तुला?"

"ओढायचे कसंतरी," ती म्हणाली. "म्हटलं, तू मोजूनच ठेवलं असशील."