बा पहाटे कुठे जाते

दक्षाने मागच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"पुढचं दार इतकं कुरकुरतं की कळेलच," ती नवऱ्याला, परेशला म्हणाली.

त्याची आई, बा, पहाटे तळावाच्या वाटेला दिसली, एकटी, असं शेजारच्या मोंघीबेनने सांगितल्यापासून त्याचं दुकानात लक्ष नव्हतं. थाळीतली भाखरी चाचपडून शोधणारी बाई अंधारात तळावावर कशाला जाते, ते गावात कोणी मोठ्याने बोलत नसे.

बाचे, म्हणजे जशूबेनचे, डोळे वयाने गेले होते. पडद्याची झीज. समोरचा चेहरा पुसलेला, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी परेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अशा माणसांचं डोळ्यांबरोबर मनही खचतं. झोप, जेवण, बोलणं, सगळ्यावर लक्ष ठेवा. त्याचेही डॉक्टर असतात, लाजू नका."

लक्ष ठेवलं तर तिन्ही बिघडलेली. घास हातातच राहायचा. झोपेत नुसती कूस बदलणं. भजन सुटलं. दिवसभर मान वाकडी करून बसायची, कुणी बोलावलं तर "हं" म्हणायची.

त्यातल्या त्यात बापूजींचा, परेशच्या वडिलांचा आधार. ओधवजीभाईंनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि गेल्या दिवाळीला आपलं ते दुकान बंद केलं. "मोबाइलमध्ये वेळ फुकट मिळते, माझ्याकडे कोण येणार?" म्हणाले. पेपर बंद केला. "रोज तेच खोटं, नुसती तारीख बदलतात." पत्त्यांचा अड्डा सोडला. "त्या मंडळींना हरवून कंटाळलो." मग दिवसभर घरात, हिंडोळ्यावर, सगळ्यांना हसवत.

"दक्षावहू," ते म्हणायचे, "तुझ्या सासूला माझं थोबाड दिसेनासं झालं. शेवटी तिच्या उपासांना फळ आलं म्हणायचं."

दक्षा हसायची. बा हसायची नाही.

त्या संध्याकाळी परेशने विषय काढलाच. "बापूजी, बा पहाटे उठून जाते. शेजारच्या खाटेवर तुम्ही, तुम्हाला कळत नाही?"

"मी झोपलो की म्हैस असतो रे." बापूजींनी खिचडीत छाश ओतली, थोडं ताक थाळीबाहेर सांडलं. "पण आता ठेवीन लक्ष."

"ठेवा तर खरं," बा म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती जेवताना बोलली होती.

परेश रात्रभर तळमळला. पाणी प्यायला उठला, मागचं कुलूप ओढून पाहिलं, परत आडवा झाला. प्रत्येक आवाजाला कान टवकारायचा. आणि नेमका उजाडायच्या आधी त्याचा डोळा लागला.

जाग आली ती थंड वाऱ्याने. पुढचं दार सताड उघडं होतं.

बाची खाट रिकामी. बापूजींच्या खाटेवर गोधडीचा उंचवटा दिसला. त्यांना उठवण्यात वेळ घालवायला नको म्हणून तो तसाच पळत सुटला. बाजार, देऊळ, वडाचा पार. काय बघावं लागेल ते मनात येत होतं आणि तो ते ढकलत होता.

बा घाटाच्या वरच्या पायरीवर बसली होती. अनवाणी, मान वाकडी. परेशने तिचा दंड घट्ट धरला.

"बा, घरी चल." त्याचा आवाज चढला. "आमचं काय चुकलं ते सांग, पण हे असं नको करू."

"हळू बोल." बाने त्याच्या हातावर हात ठेवला. "माझे डोळे गेले ते गावभर माहीत आहे. मला सगळे सांभाळतात. ज्यांनी कोणाला सांगितलंच नाही, त्यांना कोण सांभाळणार?"

"कोणाबद्दल बोलतेस?"

तिने खाली बोट दाखवलं. अगदी शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून, कोणी पाठमोरं बसलं होतं. परेशने ती पाठ ओळखली. बापूजींच्या खाटेवर नुसतीच गोधडी होती.

"रोज येतात. मी वरून खोकते. कोण ते त्यांना दिसत नाही, पण कोणी आहे म्हणून उठतात. आज खोकून घसा बसला, तरी उठले नाहीत. आणि मला पायऱ्या दिसत नाहीत रे." तिने त्याचा हात दंडावरून सोडवला. "तू जा. चहा झालाय म्हण. आत्ता बाकी काही विचारू नकोस."