पासवर्ड दिसत नाही

"माताजी, टाइप कीजिए. दिखेगा कुछ नहीं, पर जा रहा है."

कलावतीनं ब्राउझरमधल्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकला. शेवटचं अक्षर मुद्दाम चुकवलं. खाली ओळ उमटली, लॉगिन इनकरेक्ट.

"फिर वही आ गया," तिनं बाजूच्या चॅटमध्ये लिहिलं.

"कोई बात नहीं. कैप्स लॉक तो चालू नहीं है?"

किती सबुरीनं विचारायचा! घरबसल्या लिनक्स शिकवणारी ती कंपनी. तिच्या मदत-चॅटवर आधी दोनदा दुसरंच कोणी आलं होतं, तेव्हा कलावतीनं गुपचूप खिडकी बंद केली होती. मग हा भेटला आणि तिच्या दुपारी भरून गेल्या. लॉगिन झालं की तक्रार मिटणार, तक्रार मिटली की हाही जाणार. एवढं एक तिला होऊ द्यायचं नव्हतं.

पासवर्ड टाकताना दिसत नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. रेल्वेच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये तिची सारी नोकरी झाली. चपला बाहेर काढायच्या, त्या थंडगार खोलीत शाल पांघरून बसायचं, आणि मैत्रिणींच्या गप्पांना खळ नसायचा. नवरा गेल्यापासून मात्र घर मुकं झालं होतं. इथल्या खात्यावर तिनं माहेरचं नाव टाकलं होतं, पद्मिनी. त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

ओट्यावर झाकलेली थाळी निवत होती.

मधेच लाइट गेली. आली तेव्हा त्याचाच निरोप आधी आला. "सॉरी माताजी, नेट चला गया था. घर में कोई नहीं है जो देख ले?"

"बेटा है. बिज़ी रहता है."

"बिज़ी तो सब हैं. माँ के लिए पाँच मिनट तो निकालना चाहिए ना."

कलावतीनं पदरानं चष्मा पुसला. कीबोर्डवर उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ बसली होती, तीही पुसली.

"अच्छा लड़का है वो," तिनं लिहिलं.

"आप माँ हैं, यही बोलेंगी." पुढं हसरा चेहरा. "आपका अकाउंट रीसेट कर देता हूँ, इस बार पक्का खुलेगा. बस दो मिनट रुकिए, खाना ले आऊँ."

तिनं लॅपटॉप मिटला. उठून थाळी टेबलावर आणून ठेवली.

जिन्यावर पावलं वाजली. गळ्यात हेडफोन, नजर मोबाइलवर, असा यशदीप खाली उतरला.

"माह्यासमोर बसून खाय ना रे एखाद्या दिवशी," ती म्हणाली.

"टाइम नहीं है, आई. कस्टमर वेट कर रही है."

थाळी उचलून तो वर गेला. दार लागलं. कलावतीनं लॅपटॉप उघडला.

"आ गया, माताजी. आराम से कीजिए. मैं यहीं हूँ."