मनीची खुशाली

केनवडच्या थांब्यावर एसटी थांबली तसं जब्बार कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"भाभी, रिसोडहून दुर्गाबाईचा सांगावा हाय. मनी मजेत हाय म्हने. दिवसभर खिडकीत बसते."

लिलाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मनी म्हणजे तिचा मनीप्लांट. तिच्या नवऱ्यानं, देवमननं, नागपूरहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेली काडी. सरबताच्या बाटलीत लावली आणि रिसोडच्या नव्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी ठेवली. मग देवमन नोकरीच्या ट्रेनिंगला अकोल्याला गेला. जाताना म्हणाला, "मी येईन तवा वेल चौकटीले लागला पाह्यजे."

तो गेला आणि भाऊ अचानक तिला बाळंतपणाला माहेरी, केनवडला, न्यायला आला. बैल जुंपलेले. घरमालकीण दुर्गाबाईच्या हातात किल्ली देता देता लिलाबाई एवढंच म्हणाली, "मावशी, माह्या मनीले सांभाळजा. एकटीच हाय घरात."

आता बाळ झालं, तरी तिचा अर्धा जीव त्या बाटलीत.

"जब्बारभाई, मावशीले सांगा, पाणी रोज बदला. उन्हात जाऊ देऊ नका. अन् अंगावर धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसा."

"झाडाले घरात निजवता," वहिनी भागिरथा म्हणाली, "अन् तुहा दादा बाहेर वट्ट्यावर."

पुढच्या फेरीला जब्बारनं उत्तर आणलं. "दुर्गाबाई म्हनते, पुसलेलं तिले खपत नाही."

लिलाबाईला वाटलं, म्हातारी खसाखसा घासत असेल. कोवळ्या अंगाला असं घासतात का? "हलक्या हातानं पुसा म्हनावं. अन् दोन शब्द बोलत जा तिच्यासंगं."

"ते तं लय बोलते," जब्बार म्हणाला. "शेजारीन ऐकून राह्यते."

मग बरेच दिवस काहीच आलं नाही. देवमनचं ट्रेनिंग संपत आलं होतं. वेल सुकला तर त्याला दाखवायचं काय? बाळाला पाजतानाही तिचे कान एसटीच्या हॉर्नकडे.

एके सकाळी जब्बार लांबूनच हसत आला. "भाभी, मुबारक. मनीले पिल्लं झाली."

"पिल्लं?" भागिरथा म्हणाली.

"केळीले येतात तशी, वहिनी. बुडापासून नवे कोंब." लिलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक तुले देईन. एक जब्बारभाईच्या हलिमाले. बाकीची देवमनले दाखवायले."

भागिरथानं आपल्या कोंबासाठी तेलाची बाटली राखेनं घासून लख्ख केली आणि नणंदेला पोचवायच्या निमित्तानं स्वतःच रिसोडला आली.

दुर्गाबाई दारातच उभी होती. बाळाची दृष्ट काढून म्हणाली, "तू लेकरवाळी झालीस, तुही मनीबी झाली. चाल, पाह्य."

खिडकीखाली टोपलीत, जुन्या लुगड्यावर, एक पट्ट्यापट्ट्याची मांजर आडवी पडली होती. पोटाशी पिल्लं लुचत होती.

लिलाबाईनं वर पाहिलं. बाटलीत नुसतं पाणी होतं. स्वच्छ, रोज बदललेलं.

"मावशी, यातला पाला?"

"काळजी नको करू," दुर्गाबाई म्हणाली. "पोटुशी असताना तिले त्याचेच डोहाळे लागले होते. म्या एक पान वाया नाही जाऊ देलं."