अष्टमी, नवमी

मनस्वीला तिच्या बापाने दर शनिवारी भेटायचं, असा बेलापूरच्या कोर्टाचा आदेश होता. सहापैकी तीन शनिवार हरेश आलाच नाही. पोर नवा फ्रॉक घालून दारात बसून राहिली. ही भेटच बंद करा, असा अर्ज मी तिच्या आईची, रंजिताची, वकील म्हणून दिला.

"का येत नाही?" जजसाहेबांनी विचारलं.

"होडीवर होतो, साहेब." मोरा बंदरावर मासे धरणारा हरेश खाली बघून म्हणाला.

साहेबांनी पेन उचललं. अर्ज मंजूर होणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात रंजिता उठली. मी खुणेने बस म्हटलं, तरी बसेना.

"साहेब, बंद नका करू. शनवार तेवढा बदला. पुनव-अवसेला पान्याला ओढ असते, तवाच जाल्यात मासली गावते, होडी काढावीच लागते. अष्टमी-नवमीला पानी थंड असतं, ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात. ते दिवस द्या. शाला सुटली का मी पोरीला मोऱ्याला नेऊन सोडीन."

"त्या दिवशी हे नक्की घरी असतील?"

"असतात. लग्नाची नऊ वर्सं मी त्याच दिवसांची वाट बघायची."

साहेबांनी तिथींचं कॅलेंडर मागवलं. माझा अर्ज तसाच पडून राहिला.

हरेशने हात जोडले. "असू दे, असू दे," साहेब म्हणाले. पण हरेशचं तोंड आमच्या बाकाकडे होतं.